आधी सांग, मग लाव

आमच्या पिढीला सिनेमाची, टीव्हीची आणि गाण्याची आवड आयती मिळाली नाही. ती वाद घालून, पटवून, प्रसंगी आजीची मनधरणी करून मिळवावी लागली. बडोद्याच्या कारेलीबागेत, पाण्याच्या टाकीपासून हाकेच्या अंतरावर, एका सोसायटीत आमचं एकत्र कुटुंब राहायचं. आजी-आजोबा, आईबाबा, अण्णाकाका आणि काकू, सुट्टी लागली की मुलांना घेऊन मुंबईहून येणारी आत्या, आणि आम्ही सख्खी, चुलत, आते अशी सगळी भावंडं. घरात रेडिओ एक, पुढे टेपरेकॉर्डर आला तोही एक, आणि त्याहीपुढे टीव्ही आला तोही एकच. अशा घरात 'मला आवडतं' एवढं म्हणून भागत नाही. का आवडतं ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं आणि दुसऱ्याला काय आवडतं ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आज पन्नाशी-साठीला पोहोचलेली आम्ही भावंडं जमलो की अजून तशीच बोलतो. आमची मतं ठाम आहेत, पण त्यांतलं एकही मत एकट्याचं नाही. म्हणून हे लिहितानाही 'मी'पेक्षा 'आम्ही'च जास्त येईल.

नाना, म्हणजे आमचे आजोबा, दांडिया बाजारातल्या वाड्यातून कारेलीबागेत राहायला आले तेव्हा इकडची वस्ती विरळ होती. बहुचराजीचं देऊळ, आर्यकन्या विद्यालय आणि मधे बरीच मोकळी जागा. मग एकेक करून सोसायट्या उठल्या. घराला ओटा आणि ओट्यावर झोपाळा हे ठरलेलं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि सिनेमाचा विषय निघाला की दोन्हीकडची माणसं हिंदीत शिरायची. शेजारच्या मासी कुंपणाशी येऊन आजीला विचारायच्या, "बेन, आजे चित्रहार छे ने?" आणि आजी मराठीतच सांगायची, "हो हो, या ने लवकर." दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

नानांना गाण्याचं वेड होतं. तरुणपणी त्यांनी फैयाझखाँसाहेबांना समोर बसून ऐकलं होतं. आग्रा घराण्याचा हा थोर गवई बडोद्याचा दरबारी गायक झाला आणि १९५० साली इथेच वारला. नाना नेहमी सांगायचे की या शहरात जे चांगलं आहे त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलं आहे. राजा रविवर्मा केरळातून आले आणि राजवाड्यासाठी चित्रं काढून गेले. मौलाबक्षांना हाताशी धरून सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तीच आजची युनिव्हर्सिटीची संगीताची फॅकल्टी. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी १९१६ साली भरवली तीही बडोद्यातच. "आणि आपण तरी कोण? गायकवाडांच्या मागोमाग आलेली माणसं," नाना म्हणायचे. "परक्याचं ऐकणार नाही असं म्हणायचा हक्क बडोदेकराला नाही." हे वाक्य पुढे आमच्या फार उपयोगी पडलं, कारण लवकरच घरात अगदीच परकं काहीतरी येणार होतं.

१९८० च्या आसपास आमचा थोरला चुलतभाऊ, दादा, युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजीत दाखल झाला. ही फॅकल्टी कलाभवनात भरते. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले तेच हे. दादाच्या वर्गात देशभरातून आलेली होस्टेलची मुलं होती. त्यांच्यापैकी कोणाकडून तरी त्याने डीप पर्पल या इंग्लिश बँडची कॅसेट भरून आणली आणि संध्याकाळी दिवाणखान्यात लावली. गिटारचे पहिले सूर निघाले आणि काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. बाबा उठून आवाज कमी करायला निघाले. नाना झोपाळ्यावरून म्हणाले, "थांब रे, बंद नको करूस. पण दादा, तू आधी सांग, हे काय आहे आणि आम्ही का ऐकायचं. मग लाव."

दादाने सांगितलं. डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो नावाच्या गावी हा बँड ध्वनिमुद्रणासाठी उतरला होता. तिथल्या कॅसिनोत दुसऱ्या एका गायकाचा, फ्रँक झापाचा, कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि सगळी इमारत जळाली. तळ्याच्या पाण्यावर धूर पसरलेला या मंडळींनी डोळ्यांनी पाहिला आणि त्याचंच गाणं केलं. आग कशी लागली, कोण कोण तिथे होतं, मग ध्वनिमुद्रण कुठे केलं, सगळं त्या गाण्यात आहे. १९७२ च्या 'मशीन हेड' या अल्बमात ते आलं. नानांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "हा तर पोवाडा आहे. घडलेलं पाहायचं आणि नावंगावं घालून सांगायचं. फक्त डफाच्या जागी ही गिटार आहे." दादाचा चेहरा उजळला. आम्हा धाकट्यांना तर त्या दिवशी रॉक संगीतात शिरायला दारच सापडलं. आजही ते गाणं कानावर आलं की आम्हाला ते पोवाड्यासारखंच ऐकू येतं आणि तेच त्याचं खरं ऐकणं आहे असं आमचं मत आहे.

तिथून आमच्या घरात शनिवारची रीत पडली. रात्रीची जेवणं आटोपली की टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा. दर शनिवारी दोघांची पाळी. ज्याची पाळी त्याने आधी बोलायचं, मग कॅसेटची एक बाजू वाजवायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ कोणी उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. संपल्यावर मात्र प्रत्येकाने मत द्यायचं, आणि 'छान', 'बोअर' अशा एका शब्दात द्यायचं नाही. लहान-मोठं असा भेद नव्हता. धाकटी शाळेत होती तरी तिच्या मताला नाना उत्तर द्यायचे.

त्या कॅसेटींची बडदास्त राखणं हे एक वेगळंच काम होतं आणि ते आम्ही मनापासून करायचो. आवाज घोगरा येऊ लागला की दादा टेपरेकॉर्डरचं झाकण उघडायचा, आगकाडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि आतला हेड हलक्या हाताने पुसायचा. कापसावर तपकिरी डाग उतरायचा. फीत गुंतली तर ती नखाने सोडवून, चाकात पेन्सिल घालून सावकाश गुंडाळायची. आवडती कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेची प्लॅस्टिकची दोन टोकं मोडून टाकायची. पुन्हा भरायची झाली तर त्याच भोकांवर चिकटपट्टी लावायची. दादाच्या मित्राकडे रेकॉर्ड प्लेअर होता, पण दोन यंत्रं जोडायची वायर नव्हती. तेव्हा स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, खिडक्या लावून, श्वास रोखून गाणी भरली जायची. अशाच एका दुपारी लेड झेपलिनच्या गाण्यात ऐन गिटारच्या वेळी रस्त्यावरून पस्तीवाल्याची, म्हणजे रद्दीवाल्याची, हाक आली आणि ती कॅसेटमध्ये कायमची बसली. ती कॅसेट आम्ही इतकी ऐकली की मूळ रेकॉर्ड ऐकतानाही त्या जागी आम्हा सगळ्यांचे कान पस्तीवाल्याकडे लागतात.

दादाने रॉक आणलं तेव्हा अण्णाकाका सुरुवातीला विरुद्ध होते. ते तबला शिकलेले. त्यांचं म्हणणं असं, की पाश्चात्त्य ठेक्याचं एवढं कौतुक कशाला, आपल्याकडे तो कधीचाच आलाय आणि आणला एका मराठी माणसाने. मग त्यांच्या पाळीला त्यांनी सी. रामचंद्र लावले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. १९५१ चा 'अलबेला', भगवानदादांचा नाच, आणि त्यामागे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक. पुढे १९५७ च्या 'आशा'मध्ये त्यांनी 'ईना मीना डीका' केलं, तेव्हा एल्व्हिस प्रेस्लीचा अमेरिकेत उदय होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. अण्णाकाकांचा मुद्दा बिनतोड होता. गोव्याची माणसं चर्चमध्ये नोटेशन वाचायला शिकली, मुंबईत येऊन हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम आपल्या कानांना परिचयाचे झाले ते या माणसांमुळे. त्यांची नावं पडद्यावर फार कमी वेळा आली. आमच्या घरात मात्र ती नावं मोठ्या गायकांच्या बरोबरीने घेतली जायची. गाणं ऐकताना मागे कोण वाजवतंय ते विचारायचं, ही सवय अण्णाकाकांनी लावली.

दादाने त्यावर जे उत्तर दिलं ते शोधायला त्याला बरेच दिवस हंसा मेहता लायब्ररीत बसावं लागलं होतं. तो म्हणाला, अण्णा, देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. लेड झेपलिनच्या पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईच्याच वादकांना घेऊन आपली गाणी पुन्हा वाजवून पाहिली. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला, त्यात सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले होते. त्यांनी वाद्यं जुळवली आणि तो सगळा जमाव तेवढ्यावरच टाळ्या वाजवू लागला. अण्णाकाका म्हणाले, "म्हणजे त्यांना कळलं नाही." दादा म्हणाला, "कळलं नाही, पण ऐकायला तयार होते की नाही?" त्यावर नानांनी शेवटचा शब्द टाकला. मौलाबक्षांचा नातू इनायत खान. १८८२ मध्ये बडोद्यात जन्मलेला. १९१० मध्ये तो वीणा घेऊन अमेरिकेला निघाला, तेव्हा रविशंकर जन्मलेही नव्हते. "तिकडच्या लोकांच्या कानाला आपले सूर लावायला बडोद्याचा माणूस आधी गेला होता. आता तिकडचं इकडे आलं तर आपण दार लावायचं?" त्यानंतर अण्णाकाकांनी विरोध सोडला. पुढे ड्रमवर बोट ठेवून, हा सोळा मात्रांत कुठे येतो, हे तेच आम्हाला समजावू लागले.

पण सगळ्यांत आठवणीत राहिलंय ते आजीचं मत. आजीचं गाणं म्हणजे बालगंधर्व. तिच्या लहानपणी गंधर्व नाटक मंडळी बडोद्याला आली की घरातली मोठी माणसं तिला नेत असत. दादाने एका शनिवारी पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावला. त्यात एक जागा आहे जिथे क्लेअर टॉरी नावाची गायिका एकही शब्द न उच्चारता गाते. मरणाविषयीचा तो भाग आहे. आजी वाती वळत होती. तिचे हात थांबले. बाजू संपल्यावर नियमाप्रमाणे तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ही बाई शब्दांवाचून रडतेय, आणि सगळं कळतंय. आलाप आणखी निराळा काय असतो?" इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीने त्या गाण्यावर जेवढं सांगितलं, तेवढं नेमकं आम्ही पुढे मोठमोठ्या मासिकांतही वाचलं नाही. शब्द कळले नाहीत म्हणून गाणं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सगळी भावंडं आजही भांडायला एका पायावर तयार असतो, ते आजीच्या जिवावर.

सिनेमाच्या बाबतीत नियम तोच, फक्त बैठक परत आल्यावर भरायची. सलाटवाड्यातलं आराधना, रावपुऱ्यातलं नवरंग; खेळ सुटला की तिथून कारेलीबागेपर्यंत रिक्षात वाद चालू, आणि घरी आल्यावर शेवउसळीच्या ताटांवर तो पुढे चालू. १९७५ चा 'शोले' आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. गणपतीच्या मांडवात त्याच्या संवादांची रेकॉर्ड लागायची आणि सोसायटीतल्या पोरांना गब्बर तोंडपाठ होता. पण घरातला निकाल वेगळा लागला होता. आमच्या मते त्या चित्रपटातली सर्वांत मोठी जागा संवादाची नाहीच. राधा एकेक दिवा मालवत जाते आणि समोर ओट्यावर बसून जय माउथऑर्गन वाजवतो, ती. जया भादुरी काहीच बोलत नाही, भानू गुप्तांचं माउथऑर्गन बोलतं. एवढ्या दणदणीत चित्रपटाचं काळीज तेवढ्या एका शांत जागेत आहे, हे काकूचं मत आणि ते सर्वानुमते मान्य झालं.

'मंथन' हा तर आम्हाला घरचाच वाटायचा. आणंद आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा हा चित्रपट उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, नायिका स्मिता पाटील. पैसा गुजराती शेतकऱ्यांचा, लेखणी मराठी आणि भाषा हिंदी. बडोद्याच्या मराठी घराला याहून जवळचं काय असणार? २०२४ मध्ये तो नव्याने स्वच्छ करून कान महोत्सवात दाखवला गेला तेव्हा आम्ही भावंडांनी एकमेकांना फोन केले. आपल्या मताला जगाने उशिरा का होईना दुजोरा दिल्याचा आनंद त्यात होता.

ताई आणि काकूचा वाद झाला तो जब्बार पटेलांच्या १९८२ च्या 'उंबरठा'वरून. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा चित्रपट. सुलभा महाजन घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, आणि शेवटी परत आलेल्या घरातूनही निघते. काकू म्हणाली, "मुलीला टाकून जायला नको होतं." ताई म्हणाली, "पुरुष बदलीच्या गावी गेला तर मुलीला टाकलं असं म्हणतो का आपण?" हा वाद कित्येक दिवस चालला. नानाही त्यात पडले, पण या वेळी निकाल लागला नाही. पुढे ताईला परगावी नोकरी लागली आणि घरात कुरकुर सुरू झाली, तेव्हा तिच्या बाजूने सगळ्यांत आधी काकूच उभी राहिली. एखाद्या चित्रपटावर घरात खरोखर बोलणं झालं तर काय होऊ शकतं, याचं आमच्याजवळचं उदाहरण हेच. म्हणून 'करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं' हे आम्हाला कधीच पटलेलं नाही.

टीव्हीचा आणि आमच्या भागाचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. १९७५ मध्ये, देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांतही टीव्ही नव्हता तेव्हा, नडियादजवळच्या पीज गावातल्या केंद्रातून खेडा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित होत होते. शेती, जनावरं, सावकारी, शिवाशिव यांवर गावच्याच माणसांना घेऊन, त्यांच्याच बोलीत ते बनवले जायचे. अहमदाबादच्या अवकाश संशोधकांनी तो प्रयोग उभा केला होता. टीव्ही म्हणजे नुसती चैन नव्हे, हे आम्ही अण्णाकाकांकडून ऐकत आलो ते पीजमुळे.

आमच्याकडे संच आला तो 'हम लोग'च्या काळात, म्हणजे १९८४ मध्ये. शटरचं दार असलेला, कृष्णधवल. गच्चीवर अँटेना, एक जण ती फिरवतोय, दुसरा जिन्यात, तिसरा पडद्यासमोर, आणि "आलं, आलं, गेलं!" हा निरोप तिघांतून वर जातोय. 'नुक्कड' आला, शंकर नाग यांचं 'मालगुडी डेज' आलं, कुंदन शहांचं 'वागळे की दुनिया' आलं. आर. के. लक्ष्मण यांचा वागळे आला तेव्हा आजी पटकन म्हणाली, "हा आपल्या चिमणरावाचा भाऊच दिसतोय." तिला तो अधिकार होता. चिं. वि. जोशी बडोदे कॉलेजात प्राध्यापक होते आणि चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कितीतरी गोष्टी त्यांनी इथे राहून लिहिल्या. मास्टर विनायकांचा १९४२ चा 'सरकारी पाहुणे' तिने पाहिलेला. त्यातले दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ती अजून हुबेहूब सांगायची. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तीच जोडी उभी केली. ती मालिका आमच्याकडे दिसत नव्हती, म्हणून सुट्टीत आत्या आली की तिला प्रत्येक भाग अभिनयासकट सांगावा लागायचा. मध्यमवर्गीय माणसाची धडपड आपुलकीने दाखवायची ही परंपरा बडोद्यात रुजली आणि पडद्यापर्यंत गेली, असं आम्ही मानतो.

मग २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात सोसायटी मावत नसे. चित्रीकरण गुजरातमध्येच, उमरगामला. रावण म्हणजे गुजराती रंगभूमीचे अरविंद त्रिवेदी. मासी आरतीचं ताट घेऊन बसायच्या. नानांनी मात्र तिथेही मत मागितलंच. ताईला ते भडक वाटायचं. बाबा म्हणायचे, कीर्तनाला आलेल्या माणसाने नेपथ्य बघू नये. त्यानंतर १९९१ मध्ये सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया आमच्याच बडोदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेल्या आणि त्रिवेदी साबरकांठातून. पडद्यावरची प्रतिमा किती खोल जाते, ते आम्ही मतदानकेंद्राच्या रांगेत पाहिलं. टीव्हीवर काय दाखवलं जातं याची चर्चा घराघरांत व्हायला हवी, या आमच्या आग्रहाचं मूळ तिथे आहे.

त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९९१ ला, क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी गेला. धाकटीने त्या शनिवारची पाळी मागून घेतली. आम्ही तोपर्यंत त्याला इंग्लिश गायक समजत आलो होतो. तिने सांगितलं, याचं नाव फारुख बलसारा. घराणं पारशी, बलसारचं, म्हणून बलसारा. जन्म झांजिबारचा आणि शाळा पाचगणीची. तिथेच पोरांचा बँड काढून तो पियानो वाजवायचा. घरात क्षणभर कोणी बोललं नाही. बलसार म्हणजेच वलसाड, आमच्या मुंबईच्या गाडीचं नेहमीचं स्टेशन, आणि पाचगणी म्हणजे आत्याच्या सासरच्या वाईवरून वर चढलेला घाट. मग तिने १९७५ चं 'बोहेमियन रॅप्सडी' लावलं. त्यात एकाच गाण्यात आधी विलाप, मग ऑपेरा, मग घणाघाती रॉक आणि पुन्हा शांत शेवट. नाना तोवर थकले होते, पण कान शाबूत होते. म्हणाले, "याने एका गाण्यात अख्खं संगीत नाटक बसवलंय." गुजरातची मुळं आणि महाराष्ट्रातलं शिक्षण असलेला हा माणूस आमच्या घराइतका दुसऱ्या कुठल्या घरचा असेल?

त्यानंतर केबल आली. एमटीव्ही आला, झी आला, चॅनेल वाढले. आधी दोन टीव्ही झाले, मग प्रत्येकाच्या कानात वॉकमन. दादा परदेशी, ताई परगावी. शनिवारची बैठक कोणी मोडली नाही, तिची गरज संपल्यासारखी झाली. ज्याला जे हवं ते मिळू लागलं, तेव्हा पटवून कोणाला द्यायचं? यात आम्ही काय गमावलं ते आम्हाला हळूहळू उमगलं. जे आपण निवडलं नाही ते पूर्ण ऐकायची सक्ती गमावली. आजीने पिंक फ्लॉइड स्वतःहून कधी लावलं नसतं आणि दादाने बालगंधर्व. त्या सक्तीतूनच आमचे कान रुंद झाले.

म्हणून दिवाळीत सगळे जमतो तेव्हा आम्ही ती रीत पुन्हा सुरू केली आहे. भाचीने बीटीएस या कोरियन बँडवर बोलून आम्हाला चकित केलं, पुतण्याने मराठी रॅप ऐकवलं आणि त्यातला शब्द न् शब्द समजावून सांगितला. पुढच्या पाळीसाठी मी नाव देऊन ठेवलंय ते वनराज भाटियांचं. मुंबईतल्या कच्छी घरात १९२७ मध्ये जन्मलेला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसमध्ये पाश्चात्त्य संगीत शिकलेला हा माणूस परत आला आणि 'अंकुर', 'मंथन', 'तमस'चं संगीत देऊन गेला. 'भारत एक खोज'च्या सुरुवातीला नासदीय सूक्ताचे संस्कृत मंत्र आणि वसंत देव यांचा हिंदी अनुवाद त्यांनी ज्या वृंदस्वरात बांधला, तो ऐकून देशातली लाखो घरं रविवारी स्तब्ध होत होती. २०२१ मध्ये ते गेले. सिनेमा, टीव्ही आणि पाश्चात्त्य संगीत या तिन्हींवर आमच्या घराने जे जे प्रेम केलं ते या एका माणसात एकवटलंय, आणि त्याच्या वाट्याला आलेला मान त्याच्या कामाच्या मानाने फारच थोडा आहे, असं माझं ठाम मत आहे. ते मला बैठकीत पटवून द्यायचंय. अर्धा तास कोणी उठायचं नाही.